एक बरोबर, दोन बरोबर

प्रभाकर असनारे यांनी एकतीस वर्षं सुरतेच्या एका सरकारी कचेरीत जावक टेबल सांभाळलं. जावक म्हणजे बाहेर जाणारी पत्रं. आत मजकूर काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, ते साहेबलोकांचं काम. पाकिटावर काय लिहायचं, हा मात्र त्यांचा प्रांत. श्री, सौ., कु., चि., ह.भ.प., माननीय, सन्माननीय या सगळ्या उपाध्यांची उतरंड त्यांना तोंडपाठ होती, आणि 'श्रीमती' नेमकं कुणाला लिहावं यावर त्यांनी एकदा साहेबाशी वाद घालून तो जिंकलाही होता. ते पत्र शेवटी भलत्याच जिल्ह्याला गेलं, ही गोष्ट वेगळी. पाकीट शुद्ध होतं.

निवृत्त झाल्यावर माणसाकडे उरतं काय? भाजीची पिशवी, दुधाचं कूपन आणि बायकोच्या कामात लुडबूड. प्रभाकररावांकडे यापेक्षा एक गोष्ट जास्त होती. सुरतेत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मास्तर, बँकवाल्या आणि कारकून मराठी कुटुंबांचा एक समाज होता, आणि त्याचं चिटणीसपद अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. पगार नाही, भत्ता नाही. पण सभेत पंख्याखालची खुर्ची आणि बोलण्याआधी लोकांनी 'चिटणीस काय म्हणतात' असं विचारणं, एवढं होतं. ते गेलं असतं तर प्रभाकररावांना घराबाहेर कुणीही काहीही विचारलं नसतं. हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

आणि अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत ते जायची वेळ आली. बँकेत अधिकारी असलेला तुषार राजवाडकर, वय छत्तीस, हातात मोबाइल नसला तरी कमरेला पेजर, सभेत उठून म्हणाला की गेल्या संक्रांतीची हळदीकुंकवाची कार्डं लोकांना रथसप्तमी झाल्यावर मिळाली. आता निम्म्या सभासदांच्या ऑफिसात ई-मेल आलंय, तेव्हा कॉम्प्युटर जाणणारा चिटणीस हवा, आणि जानेवारीच्या निवडणुकीला आपण उभे आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत अकरा वर्षं प्रभाकररावांच्या हातचा चहा पिणारेही होते.

प्रभाकरराव दुसऱ्याच दिवशी नानपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासला जाऊन नाव घालून आले. वय एकोणसाठ. वर्गातल्या पोरांनी आधी त्यांना फी भरायला आलेले पालक समजून खुर्ची दिली.

त्यांना साधं ई-मेल शिकायचं नव्हतं. ते तुषारलाही येत होतं. त्यांना असं काहीतरी हवं होतं की एक बटण दाबलं की यादीतल्या प्रत्येकीला तिच्या नावाने, तिच्या उपाधीने, वेगळं पत्र जावं. क्लासच्या मास्तराने सांगितलं, यासाठी स्क्रिप्ट लिहावी लागते, आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्यापुढे टाकलं. मास्तराला वाटलं, म्हातारा दोन दिवसांत कंटाळेल. म्हातारा वहीत पुस्तक उतरवून काढू लागला.

पहिले पंधरा दिवस पडद्यावर नुसतं '५००' यायचं. प्रभाकरराव खूश होऊन घरी आले आणि पत्नी अरुणाबाईंना म्हणाले, पाचशे पत्रं गेली. यादीत नावं अडतीस होती, हे अरुणाबाईंनी लक्षात आणून दिलं तेव्हा कळलं की तो पत्रांचा नव्हे, चुकीचा आकडा आहे. पुढचे आठ दिवस ई-मेलच्या पत्त्यातला गोल ए गिळला जात होता. त्याच्यामागे उलटी तिरकी रेघ द्यायची, हे त्यांना पुस्तकाच्या तळटिपेत सापडलं. त्या रात्री त्यांनी श्रीखंड आणलं. सांगायला हवं की माणूस चिकट होता. मूर्ख चिकट असला तर जास्त धोका, पण चिकाटी ती चिकाटीच.

आता यादीबद्दल. हळदीकुंकू बायकांचं, म्हणून पत्रं बायकांच्या नावाची. पत्ते मात्र त्यांच्या नवऱ्यांच्या किंवा वडिलांच्या ऑफिसचे. प्रत्येक नावापुढे प्रभाकररावांनी एक आकडा घातला होता. एक म्हणजे सौ., दोन म्हणजे कु., तीन म्हणजे ग. भा., गंगाभागीरथी, अर्थात विधवा. पत्रंही दोन प्रकारची, इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. सौ. आणि कु. यांनी चार वाजता हळदीकुंकवाला यावं, अत्तरगुलाब आहे, वाण आहे. ग. भा. यांनी साडेसहाला, ते सगळं आटोपल्यावर, भजनाला यावं. ही दोन वेळांची पद्धत महिला शाखेच्या मालतीबाईंच्या सासूबाईंनी घातली होती आणि मालतीबाई ती सोवळ्यासारखी जपत होत्या. प्रभाकरराव दरवर्षी दोन गठ्ठे करून कार्डं लिहायचे. दुसरा गठ्ठा लहान असायचा. ई-मेलच्या यादीत तर तीन आकड्याचं नाव एकच होतं, सरलाबाई घारपुरे.

सरलाबाई मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सात वर्षांपूर्वी नवरा गेलेला. मुलगा आदित्य अमेरिकेत, त्याने घरी कॉम्प्युटर बसवून दिलेला. अडतीस बायकांत आपलं पत्र आपण उघडून वाचणारी ही एकटीच.

तर स्क्रिप्टमध्ये एका जागी मशीनला विचारायचं होतं, की या बाईचा आकडा तीन आहे का? असेल तर ग. भा. लाव आणि साडेसहाची वेळ दे. पुस्तकात अशा जागी बरोबरचं चिन्ह दोनदा छापलं होतं, एकाला लागून एक. प्रभाकररावांनी ते पाहिलं आणि गालात हसले. एकतीस वर्षांत त्यांनी भल्याभल्या आयएएस अधिकाऱ्यांच्या उपाध्या दुरुस्त केल्या होत्या, हे तर साधं पुस्तक. एकदा बरोबर म्हटलं की बरोबर, दोनदा कशाला? छापखान्यातल्या माणसाचा हात अडखळला असणार. त्यांनी पेन्सिलीने पुस्तकातलं एक चिन्ह खोडलं, समासात बारीक अक्षरात 'मुद्रणदोष' असं लिहिलं, आणि स्क्रिप्टमध्ये एकच बरोबर घातलं. पुस्तक क्लासचं होतं, त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्यांचीही सोय झाली.

चाचणीही त्यांनी घेतली, उगाच नाही. चाचणी घ्यायची तर अवघड नावावर, या तत्त्वाने सरलाबाईंचं नाव आणि स्वतःचा पत्ता घालून बटण दाबलं. पत्र आलं. ग. भा. सरलाबाई घारपुरे, वेळ साडेसहा. अगदी बिनचूक.

दोन जानेवारीला, शनिवारी सकाळी अकरा वाजता, प्रभाकररावांनी अडतीस पत्रं सोडली. पडद्यावर '३८ रवाना' असं आलं. मास्तराने हात मिळवला. निवडणूक दहा तारखेला होती, आणि ती आजच जिंकली असं समजून प्रभाकरराव घरी येऊन जेवून झोपले.

उठवलं ते फोनने. मालतीबाई होत्या. त्यांचे यजमान हजिऱ्याच्या एका कारखान्यात मॅनेजर. शिपायाने ई-मेलचा कागद छापून त्यांच्या टेबलावर ठेवला होता, त्यावर 'ग. भा. मालतीबाई'. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती बाबूने ग. भा. म्हणजे काय ते विचारलं, आणि अर्थ कळल्यावर आमच्यात गं. स्व., गंगास्वरूप, लिहितात अशी माहिती देऊन साहेबांकडे जरा निरखून पाहिलं. साहेबांना आधीच रक्तदाब. ते अर्धी रजा टाकून घरी आले होते आणि पलंगावर पडून होते, जिवंत.

मग फोन थांबेना. बी.कॉम.च्या वर्गात असलेली कु. मानसी लग्नाआधीच विधवा झाली होती. बँकेत तुषारने आपल्या बायकोच्या नावाचं पत्र उघडलं, तर 'ग. भा. गौरी तुषार राजवाडकर'. निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्याने आपल्याला आठ दिवस आधीच मारून टाकलं, असं त्याने चार लोकांना सांगितलं, आणि चौघांनाही ते पटलं. प्रभाकरराव फोनवर शपथेवर सांगत होते की हेतू नव्हता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असंही ते म्हणाले. मारुतीही फार सौम्य शब्द होता.

सोमवारी त्यांनी क्लासमध्ये जाऊन स्वतःची ई-मेलची पेटी उघडली. घरचं पत्र त्यांच्याच पत्त्यावर आलं होतं. 'ग. भा. अरुणाबाई प्रभाकर असनारे यांस.' त्यांनी आधी सवयीने स्पेलिंग तपासलं. स्पेलिंग बरोबर होतं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की या पत्रानुसार आपण वारलो आहोत, आणि ते आपणच कळवलं आहे.

घरी येऊन त्यांनी हे अरुणाबाईंना सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, मग आता दुधाचं कूपन कुणाच्या नावावर करायचं.

मास्तराला चूक सापडेना. त्याने हेमराज पाटलाचं नाव सांगितलं. हेमराज बमरोलीत राहणारा, अमळनेरकडचा. बाप पांडेसऱ्याच्या मिलमध्ये लूमवर आयुष्यभर उभा राहिलेला. हेमराज स्वतः दहा वर्षं लूमवर काढून आता रिंगरोडवरच्या एका साडीच्या गाळ्यात कॉम्प्युटरवर डिझाइनं करायचा आणि शेठच्या मालाची वेबसाइटही त्यानेच बांधली होती. प्रभाकररावांनी त्याला क्लासमध्ये एकदोनदा पाहिलं होतं. तो घरच्यांशी फोनवर अहिराणी बोलायचा, तेव्हा ते तोंड दुसरीकडे करायचे. समाजाच्या सभासदांत खानदेशातल्या लूमवाल्यांचं एकही नाव नव्हतं. त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. अर्जच इतका शुद्ध मराठीत छापला होता की कुणी मागितला नव्हता.

गरज पडली की गाढवाचेही पाय धरावे लागतात, असं मनात म्हणत प्रभाकरराव रिंगरोडचे तीन जिने चढले. हेमराजने स्टूल दिलं, चहा मागवला, आणि स्क्रिप्टचा कागद वरून खाली एकदा वाचला. एकदाच.

"काका, आठे एक बरोबर शे," तो बोट ठेवून म्हणाला. "दोन पाहिजेत."

प्रभाकररावांनी मुद्रणदोषाचा सिद्धांत सांगितला. हेमराजने तो ऐकून घेतला, हसला नाही, आणि चहाचा कप बाजूला ठेवला.

"एक बरोबर म्हणजे हुकूम. दोन बरोबर म्हणजे सवाल. तुम्ही मशीनला विचारलंच नाही, ही बाई विधवा आहे का म्हणून. तुम्ही सांगून टाकलं, हिला विधवा कर. त्याने एकेक करून सगळ्यांना केलं."

सरलाबाईंच्या नावावर चाचणी का पास झाली, तेही त्याने समजावलं. जी आधीच विधवा, तिला विधवा कर म्हटल्याने काय फरक पडणार. प्रभाकररावांना एवढं लखलखीत कुणी कधी समजावलं नव्हतं, आणि समजावणारा बमरोलीचा निघाला, याचा त्यांना चुकीपेक्षा जास्त त्रास झाला. दुरुस्त पत्रं शनिवारी इथूनच सोडू, असं ठरलं.

मध्ये मालतीबाईंनी निरोप पाठवला. झालं गेलं गंगेला मिळालं. चिटणीसांनी घरोघर जाऊन माफी मागावी आणि पत्रं नेहमीसारखी, रीतसर, वेळेसह पुन्हा पाठवावीत. तसं झालं तर महिला शाखेची मतं त्यांना. महिला शाखेची मतं म्हणजे निम्मा समाज. प्रभाकररावांनी यादी घेतली, पेढ्यांचे दोन डबे घेतले आणि छत्तीस घरं करायला निघाले. अडतीसपैकी एक स्वतःचं होतं आणि एक वगळलं होतं.

अडाजणच्या एका इमारतीत गौरी राजवाडकर तिसऱ्या मजल्यावर राहायची. पहिल्या मजल्यावर सरलाबाईंचं दार उघडंच होतं. त्या बाहेर आल्या, पेढ्यांच्या डब्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे नाही का, असं विचारलं.

प्रभाकरराव म्हणाले, तुमच्या पत्रात चूक नव्हती. आकडा, उपाधी, वेळ, सगळं बरोबर गेलं होतं. हे ते थोड्या अभिमानानेच म्हणाले. अडतीसातलं एक तरी बिनचूक होतं.

 सरलाबाईंचा आवाज शाळेतलाच होता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, पण त्या हळू बोलल्या.

"सात वर्षं मला हे पत्र येतं, प्रभाकरराव. दरवर्षी साडेसहा. मी येते तेव्हा हॉलमध्ये पाकळ्या झाडत असतात. यंदा गौरी खाली रडत आली, मला पण हेच आलं म्हणून. मग कळलं, सगळ्यांनाच आलंय. मला वाटलं, तुम्ही सुधारलात."

प्रभाकररावांच्या हातात पेढ्यांचा डबा होता. द्यावा तर ती माफी झाली असती आणि माफी कशाची ते सांगावं लागलं असतं. त्यांनी तो दिला नाही. नमस्कार करून ते जिना चढून गेले आणि गौरीपाशी भरपूर माफी मागितली. उतरताना पहिल्या मजल्यावरचं दार बंद होतं, याने त्यांना हायसं वाटलं. एवढा मोठा माणूस, साहेबाशी वाद जिंकलेला, बंद दारापुढून चपला न वाजवता उतरला.

 

शनिवारी हेमराजने दुसरं बरोबर टाकलं. मग बोटं तशीच ठेवून तो म्हणाला, या चार ओळीच काढल्या तर सवालच राहत नाही. सगळ्यांना चारची वेळ जाईल, एक मिनिटाचं काम आहे.

प्रभाकररावांनी विचारलं, तुला काय त्याचं.

"मन्ही मायले बी असंच मांगे बसाडतस," हेमराज म्हणाला.

अहिराणी कळत नाही, असं दाखवायची प्रभाकररावांना सवय होती. हे वाक्य मात्र पुरतं कळलं. माझ्या आईलाही असंच मागे बसवतात. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चार ओळी होत्या. त्यांच्यापलीकडे उद्याची सभा होती, महिला शाखेची मतं होती, पंख्याखालची खुर्ची होती, आणि ती गेल्यावर उरणारी भाजीची पिशवी होती. चार ओळी काढल्या असत्या तर मालतीबाई हॉल डोक्यावर घेणार आणि तुषार न बोलता निवडून येणार, हे लहान मूलही सांगू शकलं असतं. मनात कुठेतरी सरलाबाईंचा आवाज होता. पण आवाजाला मत नसतं.

"राहू दे," ते म्हणाले. "रीतीप्रमाणे जाऊ दे."

हेमराजने मान हलवली आणि बटण दाबलं. पैसे घेतले नाहीत. काका, वेबसाइटवाल्या शेठचं काम पडलंय, एवढंच म्हणाला आणि वळला. दुसरा चहा त्याने मागवला नाही.

या वेळी मशीनने प्रत्येकीबद्दल विचारलं. मालतीबाई विधवा आहेत का? नाहीत. सौ., चार वाजता. मानसी? नाही. कु., चार वाजता. अरुणाबाई पुन्हा सौभाग्यवती झाल्या आणि प्रभाकरराव जिवंत. तुषारही जिवंत झाला आणि दुसऱ्या दिवशी बावीस मतांनी पडला. एवढ्या मोठ्या चुकीनंतर माणूस घरोघर गेला, नमला, आणि सगळं यंत्र स्वतः दुरुस्त केलं, असं मालतीबाई भाषणात म्हणाल्या. स्वतः या शब्दावर प्रभाकररावांनी खाली पाहिलं आणि पुढे होऊन हार घालून घेतला. हार गुलाबाचा होता.

सोमवारी ते क्लासमध्ये पेटी उघडून बसले. चारपाच उत्तरं आली होती. बहुतेक नवऱ्यांनी लिहिलेली, पत्नी अवश्य येईल. एक सरलाबाईंचं होतं. इंग्रजी अक्षरांत, मराठीत, दोन ओळी.

'पत्र मिळालं. या वेळी बरोबर आहे. सरला घारपुरे.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. रागाचा शब्द नव्हता, टोमणा नव्हता, शेवटी उद्गारचिन्हसुद्धा नव्हतं. पहिलं पत्र चुकून गेलं होतं आणि त्याची माफी त्यांनी छत्तीस दारांत मागितली होती. हे पत्र चुकून गेलं नव्हतं. हेमराजने विचारलं होतं, वेळ दिला होता, आणि राहू दे असं त्यांनीच तोंडाने सांगितलं होतं. याची माफी कोणत्या दारात मागायची ते त्यांना कळेना. त्यांना लाज वाटली, कान तापेपर्यंत लाज वाटली, आणि कॉम्प्युटरसमोर बसलेल्या पोरांनी पाहू नये म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी उत्तराचं बटण दाबलं. पडदा कोरा झाला. पहिल्याच ओळीत बाईंच्या नावाआधी काय लिहावं, याचा ते विचार करत राहिले, ते मास्तराने तास संपला असं सांगेपर्यंत.